न विरघळलेली पावडर

चिखली,
बुद्ध पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय धम्मा,

सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून दचकू नकोस. बाबा आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पाकीट फोडायच्या आधीच तू मनात सगळं रचून मोकळा झाला असशील. बाबांना ऊन लागलं होतं. गेल्या आठवड्यात दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसल्या बसल्या कलंडले. आमची मयुरी डबा घेऊन गेली होती म्हणून वेळेत कळलं. अंग असं भाजत होतं की हात ठेववेना, आणि घामाचा टिपूस नाही. दवाखान्यात सलाईनवर होते, आता घरी आहेत. दुधात भाकर कुस्करून खातात आणि मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडतात, म्हणजे तसे बरे आहेत. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात उष्माघाताचा एक झटका माणूस काढतो, दुसरा काढीलच असं नाही. पाऊस लागेपर्यंत यांना थंड खोलीतच ठेवा म्हणाले. इथं पारा पंचेचाळिसाच्या खाली यायला तयार नाही, आणि आपले बाबा, ज्यांनी अर्ध्या चिखलीला गारवा दिला, ते स्वतःच्या घरात कूलर लावू देत नाहीत.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझं सगळं ठरलेलं असतं. दर रविवारी मयुरीचा अभ्यास, भाऊजींची बदली, बंगलोरचं ट्रॅफिक, आणि शेवटी चप्पल घालता घालता विचारावं तसं, बाबा बरे ना? मी म्हणते, बरे. आज तुला सांगते, मी तुझा फोन आला की स्पीकर लावते. बाबा समोरच्या बाजेवर पेचकस पुसत बसलेले असतात. मान वर करत नाहीत, हूं की चूं नाही. तू फोन ठेवलास की म्हणतात, आवाज बसला वाटते त्याचा. नाहीतर म्हणतात, आज खुशीत होता. इतकी वर्षं त्यांनी तुझा आवाज असा चोरून ऐकला आहे. मीही त्यांच्या हातात फोन दिला नाही, कारण तू पलीकडून काय करशील याची मला खात्री नव्हती. आजही सकाळी तुझा फोन आला आणि मी तेच म्हणाले, बरे. म्हणून हे पत्र. यात तुला मधेच 'मीटिंग आहे गं ताई' म्हणता येणार नाही.

आपलं लहानपण आठव जरा. होळी झाली की बस स्टँडमागच्या दुकानात पत्रा कापायचा आवाज सुरू व्हायचा, तो मृग लागेपर्यंत. बाबांनी बनवलेला प्रत्येक कूलर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एक रात्र आपल्या घरी चालायचा. त्यामुळे आपल्याकडे उन्हाळाभर रोज नवा कूलर असायचा आणि आपला स्वतःचा एकही नव्हता. तू अंथरूण ओढून ऐन वाऱ्याच्या तोंडाशी झोपायचास आणि सकाळी नाक चोंदलेलं घेऊन उठायचास. शेजारपाजारचे हसायचे. बाबा मात्र ताठ मानेनं सांगायचे, 'माह्या पोरावर चालवून पाह्यला, मंगच लोकायले देल्ला.' त्यांच्या कूलरची तीच गॅरंटी होती. कागद-बिगद काही नव्हता.

मग तू शिकत शिकत मुंबईला गेलास आणि त्या लँथेनम ब्रोमाइडच्या मागे लागलास. आई जाऊन आता सहा वर्षं झाली, पण अकरा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात तू अंगणात बसून तिला ते समजावून सांगत होतास, तो तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी केमिस्ट्री शिकवणारी, मला ते पुस्तकातून कळत होतं. आईला मात्र तुझ्यामुळे कळलं. तू सांगितलंस, की या धातूंना दुर्मिळ मृदा म्हणतात. लँथेनमचा ऑक्साइड हायड्रोब्रोमिक आम्लात विरघळवला आणि आटवला की छान खडे मिळतात, पण त्यांच्या पोटात पाणी असतं. हे पाणी काढायला नुसतं तापवलं की घात होतो. पाणी एकटं जात नाही. जाताना ब्रोमिनला आम्ल करून घेऊन जातं आणि स्वतःचा ऑक्सिजन मागे ठेवून जातं. उरते तीही पांढरीच पावडर, पण ती दुसरीच, ऑक्सिब्रोमाइड, काही कामाची नाही. म्हणून तापवण्याआधी त्यात भरपूर अमोनियम ब्रोमाइड मिसळायचं, आपल्या नवसागराचा भाऊबंद. पाणी निघून जाईपर्यंत ते ब्रोमिनला जागचं हलू देत नाही. आणि पाणी गेलं की भट्टी आणखी तापवायची, पंपानं नळीतली हवा ओढायची, मग ते स्वतःच उडून नळीच्या थंड टोकाला जाऊन बसतं. मागे राहतं ते खरं, कोरडं, निर्जल ब्रोमाइड. आई डाळ निवडत ऐकत होती. म्हणाली, 'मंग हे तर नवरीसंगच्या पाठराखिणीवानीच झालं. पोरगी रुळेपर्यंत राह्याचं, अन् मंग आपल्या घरी निंगून याचं.' तू हसून लोळला होतास. त्या दिवसापासून आपल्या घरात अमोनियम ब्रोमाइडला पाठराखीणच म्हणत.

बाबांना त्यातलं एकच आवडलं होतं. त्या पावडरीचा खडा करून त्यात चिमूटभर सेरियम घातलं, तर डोळ्यांना न दिसणारा किरण त्याच्यावर पडला की तो चमकतो, आणि त्यावरून रोग्याच्या अंगातली गाठ नेमकी कुठं आहे हे शोधता येतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. कोणी विचारलं, काय करते तुमचं पोरगं, तर म्हणत, माती शिजवून चमकवते. गिऱ्हाईक बिचारं कूलरचा पंप बदलायला आलेलं असायचं.

त्या पावडरीची तहानही तूच आम्हाला सांगितली होतीस. मुंबईच्या हवेत बाटली उघडली की पावसाळ्यातल्या गुळासारखी ती पाझरायला लागते. कोरड्या हवेची काचपेटी होती तुमच्याकडे, पण तिथं मोठ्या लोकांचा नंबर आधी. तेव्हा तुझ्या डोक्यात आलं, की वैशाखात चिखलीला दुपारी दोन वाजता ओला टॉवेल वाळत घातला तर दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. याहून मोठी काचपेटी कुठली? इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी भट्टी तू सुट्टीपुरती मागून घेतलीस. तिथले शिपाई उकंडराव तुला दार उघडून द्यायचे. तू तिथं सगळं बंद करून, पंखासुद्धा न लावता, भट्टीशेजारी उभा राहायचास. मला तुझा इतका अभिमान वाटायचा, की मी मुद्दाम वाट वाकडी करून कॉलेजवरून जायचे.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. आपण कोणीच त्यावर कधी बोललो नाही. बाबा एकदा तुला डबा द्यायला आले आणि खिडकीतून त्यांनी तुला पाहिलं. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरे पडलेले. घरी आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं गिऱ्हाईक परत पाठवून त्यांनी एक कूलर बनवायला घेतला. तुझ्यासाठी. जाड पत्रा, तिन्ही बाजूंना गवताऐवजी खरा वाळा, पंखा असा की आवाज येऊ नये. आई म्हणाली, अहो त्याला विचारा तरी. बाबा म्हणाले, पोराले घाम येते हे काय त्याले विचारून पाहू?

तुला त्या संध्याकाळी मलकापूरहून गाडी पकडायची होती. पावडर दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या संस्थेत न्यायची होती, तिथं तिचा खडा होणार होता, आणि तो झाला तर तुझी पीएचडी झाली. रात्रभर भट्टी चालली होती, सकाळी निवाली. तू पावडर काढून बाटलीत भरलीस, झाकण नुसतं टेकवलंस, आणि काचेच्या नळ्या बंद करायला गॅसची टाकी संपली म्हणून ती आणायला बाजारात गेलास. त्याच वेळी आम्ही पोचलो. बाबांनी कूलर टेबलासमोर लावला. पाण्याच्या बादल्या मी ओतल्या. हे लक्षात ठेव, बादल्या मी ओतल्या होत्या, केमिस्ट्रीची एम.एस्सी. झालेल्या बाईनं. मला वाटलं पावडर अजून नळीतच असेल. वाळ्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता आणि बाबा दाराकडे तोंड करून उभे होते, तू आत येशील तेव्हा तुझा चेहरा पाहायला.

तू आत आलास आणि जागीच थिजलास. मग बाटलीतली चिमूटभर पावडर पाण्यात टाकलीस. खरी असती तर पाणी नितळ राहिलं असतं. ते दुधासारखं झालं. तेव्हा तू जे बोललास ते मी एकदाच लिहिते. 'तुमच्या या पत्र्याच्या डब्यानं माझी तीन वर्षं नासवली. तुम्हाला काय कळतं यातलं?' बाटली कचऱ्याच्या डब्यात फेकलीस आणि निघून गेलास. बाबांनी बटण बंद केलं. कूलरमधलं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोट्यानं उपसून बाहेरच्या कडुनिंबाला घातलं. मीसुद्धा त्यांच्यावरच खेकसले, की कायले आणला हा, कोणी सांगितलं होतं? त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. आणि तो ओला कूलर उकंडरावांच्या मदतीनं ढकलगाडीवर घालून ते भर उन्हात घरी गेले.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. तू विषय बदललास, पीएचडी झाली, नोकरी लागली, घर घेतलंस. आई गेली तेव्हा आलास, दोन दिवस राहिलास, विहारात बाबांच्या शेजारी एकाच सतरंजीवर बसलास आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता गेलास. लोक म्हणाले, दुःखात आहे पोरगं. बाबा लोकांसाठी कूलर बनवत राहिले, पण घरी रात्रभर चालवून पाहायची रीत त्या दिवसापासून बंद. आपल्या घरात त्यानंतर कूलर आलाच नाही. आई ओल्या चादरी टांगायची आणि बडबडायची, लोकायच्या घरी गारवा अन् आपल्या घरी भट्टी. बाबा म्हणायचे, मले नाही लागत. तुझा तो कूलर त्यांनी विकलाही नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत पोतं टाकून ठेवला. मी त्यांना हट्टी म्हणत आले. शिक्षा भोगताहेत हे कळायला मला डोळे होते की नव्हते, कोण जाणे.

दवाखान्यात आधार कार्ड मागितलं, म्हणून मी त्यांची अवजारांची पेटी उघडली. खाली धोतराच्या फडक्यात बांधलेली ती बाटली होती. तुझ्याच अक्षरातलं लेबल, लँथेनम ब्रोमाइड, निर्जल. उकंडरावांनी सांगितलं, की त्या दिवशी ढकलगाडी दारातून बाहेर गेल्यावर बाबा पुन्हा आत आले होते आणि कचऱ्यातून ती उचलून नेली होती. पोराची चीज आहे म्हणाले. झाकणाला एका बाजूनं मोठी चीर गेलेली. मी बाटली हलवली. आतली पावडर तांदळाच्या पिठासारखी इकडून तिकडे सरकली. मी ती पुन्हा बांधून ठेवली आणि कार्ड घेऊन पळाले.

मग सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही तर पाण्यासाठी हपापलेली वस्तू. चिरलेल्या झाकणाच्या बाटलीत हिनं अकरा पावसाळे काढले आणि ही अजून कोरडी कशी? कूलरच्या अर्ध्या तासाच्या ओलीनं जी नासली, ती आषाढ-श्रावणात पाक होऊन वाहून जायला हवी होती.

परवा मी बाटली घेऊन जानेफळला गेले, आमच्या ज्युनिअर कॉलेजवर. सुट्टी आहे, पण किल्ली माझ्याकडेच असते. बारावीची पोरं करतात तेवढंच केलं, जास्त काही नाही. चिमूटभर पावडर पाण्यात टाकली. पाणी दुधाळ झालं आणि थोड्या वेळानं सगळं तळाशी बसलं, काही विरघळलं नाही. गरम करून पाहिलं, तेच. मग विरळ नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले तशी ती गुमान विरघळली, नळी नितळ झाली. म्हणजे धूळमाती नव्हे. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, फिकट पिवळा साका आला. म्हणजे ब्रोमाइड आहे. पाण्यात न विरघळणारी, आम्लात विरघळणारी, पावसाळ्यात न पाझरणारी पांढरी पावडर. आता तूच नाव सांग. मी तुला परीक्षेला बसवत नाही, पण तुला येतं ना रे उत्तर?

कूलरच्या ओलीनं बिघडली असती तर ती चिकट झाली असती, पण पाण्यात साखरेसारखी विरघळली असती. पाणी प्यायलेली वस्तू पाण्याला नाही म्हणत नाही. ती पुन्हा पाठराखिणीसोबत भट्टीत घालून वाळवताही आली असती. ऑक्सिब्रोमाइड थंड वाऱ्यानं होत नाही, ते तापवताना होतं. म्हणजे बाबांचा कूलर दारातून आत येण्याच्या आधीच, रात्री भट्टीतच, तुझी पावडर गेली होती. आणि का गेली तेही मला आठवलं. आदल्या संध्याकाळी आईनं तुला चिडवलं होतं, पाठराखीण पुरते ना रे? तू म्हणालास, नवी बाटली अकोल्याहून आलीच नाही, आहे त्यात भागवतो. गाडी दुसऱ्या दिवशीची होती, तुला थांबायला वेळ नव्हता. मी तुला त्यासाठी दोष देत नाही. भट्टीपुढं उभं राहणाऱ्याकडून चूक होते. मी पोरांना हेच सांगते, की प्रयोग फसणं हा गुन्हा नाही.

पण धम्मा, तू यातला माणूस. आज असेच खडे बनवणाऱ्या कंपनीत आहेस. त्या दिवशी रागात नसेल कळलं, पण गाडीत बसल्यावर? महिन्यानं? वर्षानं? ते पाणी दुधाळ होताना तुझ्या डोळ्यांनी पाहिलं होतंस. जानेफळच्या त्या रिकाम्या प्रयोगशाळेत मला तुझा असा राग आला, की तू समोर असतास तर कानाखाली ओढली असती. मग परतीच्या जीपमध्ये बसले आणि राग उतरून नुसतं रडू आलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, तिला वाटलं मलाही ऊन लागलं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की तू बाबांवर रागावून येत नाहीस. जाताना राग होता हे खरं. पण न येण्यात राग नव्हता, लाज होती, हो ना? बोललेला शब्द परत घेता येईना, आणि जितका उशीर झाला तितकं ते अवघड होत गेलं. अरे, एवढंसं होतं ते. सुरुवातीला एका फोनचं काम होतं. आई होती तोवर तरी यायला हवं होतंस. ती जाईपर्यंत म्हणत राहिली, की दोघं एकाच पत्र्याचे आहेत, वाकत नाहीत.

काल संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं ओझं उतरेल, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या तोंडून तुझ्याविषयी दोन वाईट शब्दही ऐकायचे होते. ते अंगणात बाजेवर होते, डोक्यावर ओला पंचा. मी पावडर, आम्ल, पाठराखीण, सगळं समजावलं. त्यांना पाठराखिणीवर लगेच उमगलं. डोक्यावरचा पंचा काढून पिळला. मग विचारलं, 'त्याले माहीत हाय का हे?' मी म्हटलं, असेल. त्यावर ते जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. 'मंग तू त्याले काही इचारू नको. माह्या नावावर हाय, माह्याच नावावर राहू दे. मले सवय झाली. त्याले नाही होनार.'

मी म्हटलं, अहो बाबा, आता तरी कूलर लावू द्या, त्याचा काही दोष नव्हता. तर म्हणाले, आता तर अजिबात नाही. आपण कूलर लावला की आपण सुटलो, आणि मग ते सगळं पोराच्या अंगावर जातं. एवढं बोलून त्यांनी पंचा पुन्हा पिळून डोक्यावर ठेवला आणि कूस बदलली. तोवर कूलर न लावणं ही त्यांची शिक्षा होती. कालपासून ती तुझी पाठराखण झाली आहे. आणि धम्मा, ही पाठराखण त्यांना पंचेचाळीस डिग्रीत करायची आहे, डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याचं सांगितल्यानंतर. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, भाऊजींनी हात जोडले. मी दुकानातला एक कूलर आणून लावला, तर ते उठून बंद करतात. रात्री उठून बंद करतात. उठताना भिंत धरतात.

म्हणून मी त्यांचा शब्द मोडून हे लिहिते आहे. तुला जाब विचारायला नाही. विचारू नको म्हणाले, म्हणून विचारलंही नाही असं समज. एसी पाठवू नकोस, खोक्यासकट पडून राहील. फोनवर माफीही मागू नकोस, ते ऐकतील आणि म्हणतील, आवाज बसला वाटते. आज सकाळी भाऊजी आणि उकंडरावांनी मिळून तो तुझा कूलर मागच्या खोलीतून आणला. पत्र्याला गंज नाही. पंप तेवढा नवा बसवला. बाबांनी ठोकलेल्या वाळ्यावर मी थोडं पाणी शिंपडून पाहिलं, तर अजून वास येतो रे त्याला. बाबांच्या बाजेसमोरच्या खिडकीत तो लावून ठेवला आहे. त्यांनी पाहिलं, काढा म्हणाले नाहीत. तुझ्या हातानं तो चालू झाला तर ते उठून बंद करणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. काय बोलायचं याची तालीम करत बसू नकोस, नाही बोललास तरी चालेल. त्यांच्या देखत बादली उचल, पाणी ओत, बटण दाब, आणि लहानपणासारखं वाऱ्याच्या तोंडाशी अंथरूण टाकून एक रात्र तिथं झोप. त्यांनी खास तुझ्यासाठी बनवलेला हा एकच कूलर, आणि तोच अजून त्यांच्या पोरावर चालवून पाहायचा राहिला आहे. मलकापूरला सकाळी गाडी येते, भाऊजी घ्यायला येतील. उशीर करू नकोस, मृगाला अजून अवकाश आहे.

तुझीच,
सारिकाताई